ऑफबाईंचं खातं

शाळेत प्रत्येक शिक्षकाला एक विषय असतो आणि एक वर्ग असतो. ऑफबाईंना दोन्ही नव्हतं. त्यांच्या वाट्याला यायचे ते दुसऱ्यांचे तास. इतिहासाच्या बाईंची दाढ ठणकली की ऑफबाई इतिहासाच्या वर्गात, भाषेच्या सरांच्या घरी पाहुणे टपकले की भाषेच्या वर्गात, आणि खेळाच्या सरांची कंबर धरली की गळ्यात शिट्टी अडकवून थेट मैदानात. शिक्षक आला नाही की मुलं त्याला ऑफ तास म्हणायची, म्हणून तो तास घेणाऱ्या त्या ऑफबाई. हे नाव मुलांनी ठेवलं, शिक्षकांनी उचललं आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एकदा भर सभेत माईकवरून घेऊन ते पक्कं करून टाकलं.

आल्या होत्या त्या तीन महिन्यांसाठी. शिवणाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी. शिवणाच्या बाईंचं ते बाळ आता त्याच शाळेत सहावीत बसून बाकावर नावं कोरत होतं, आणि ऑफबाईंचा करार अजून दर वर्षी नव्याने होत होता. दर वर्षी मोठ्या बाई म्हणायच्या, "पुढच्या वर्षी तुमचं काहीतरी कायमचं बघू." ऑफबाईही दर वर्षी मान डोलवायच्या. दोघींनाही त्यात काही तथ्य नाही हे ठाऊक होतं, पण असं म्हटल्याशिवाय सहीच्या वेळी हात कुठे ठेवायचे ते दोघींना कळत नसे.

त्यांची शिकवण्याची रीत अगदी बेशरम होती. वर्गात शिरायचं, टेबलाच्या कडेला बसायचं आणि जाहीर करायचं, "आजचा धडा मला येत नाही. ज्याला येतो त्याने मला शिकवा." मग दोन पोरं हमरीतुमरीवर येत, तिसरं पुस्तक उघडून दोघांना खोटं पाडायचं आणि घंटा होईपर्यंत निम्म्या वर्गाला धडा येऊन जायचा. यात फार मोठं शास्त्र होतं अशातला भाग नाही. बाईंना बहुतेक धडे खरोखरच येत नसत.

आता खिळ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यापासून सुरू झालं. स्टाफरूमच्या दाराशी एक मोठा खिळा होता. ज्याला उद्या यायचं नसेल त्याने आपल्या कपाटाची किल्ली त्या खिळ्याला लावून जायचं, ही शाळेची जुनी पद्धत. ऑफबाई सकाळी आल्या की आधी खिळा बघायच्या. किल्ली दिसली की कपाट उघडायचं, आतलं पुस्तक, खडू, हजेरी काढायची आणि दिवसभर तो माणूस व्हायचं. कोण आजारी आणि कोण नुसतं झोपलंय हेसुद्धा त्यांना किल्ली लावायच्या पद्धतीवरून कळायचं. खरा आजारी माणूस किल्ली कशीतरी अडकवतो. खोटा आजारी ती नीट सरळ करून लावतो.

तर अशा सुखी शाळेत कट्टा आला.

कट्टा हे एका कंपनीने शाळांसाठी काढलेलं ऑनलाइन प्रकरण होतं. प्रत्येक शिक्षकाचं त्यावर खातं, खात्यावर फोटो, विषय, वर्ग. मुलांनी प्रश्न विचारायचे, शिक्षकांनी उत्तरं द्यायची, बाकीच्यांनी त्यावर पसंतीचे बदाम टाकायचे. किती उत्तरं, किती बदाम याचा आकडा प्रत्येकाच्या फोटोखाली, सगळ्या जगाला दिसेल असा. प्रशिक्षणाला कंपनीची एक तरतरीत मुलगी आली. ती म्हणाली, "तुमची डिजिटल ओळख म्हणजे तुमचा दुसरा चेहरा." समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पहिलाच चेहरा सांभाळताना नाकी नऊ आले होते, त्यामुळे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे ती म्हणाली, "आणि पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. दिलात तर खातं बंद, आणि शाळेकडून कारवाई." यावर सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलवल्या.

दुसऱ्याच दिवशी इतिहासाच्या बाईंची दाढ पुन्हा ठणकली आणि खिळ्याला किल्लीबरोबर एक चिठ्ठी लोंबत होती. चिठ्ठीवर पासवर्ड. त्या बाईंचं काही चुकलं असं स्टाफरूममध्ये कुणालाच वाटलं नाही. पासवर्ड म्हणजे एक प्रकारची किल्लीच, आणि गैरहजर माणसाची किल्ली कुठे लावायची हे शाळेत आधीच ठरलेलं होतं. महिन्याभरात खिळ्यावर सगळ्यांच्या चिठ्ठ्या कायमच्या जमल्या. रोज काढायच्या नि लावायच्या कशाला?

ऑफबाईंचं स्वतःचं खातं मात्र काही होईना. त्या संगणकवाल्याकडे गेल्या. हा गडी शाळेच्या संगणकखोलीत पंख्याखाली बसायचा आणि कुणी काहीही मागितलं तरी आधी नाही म्हणायचा.

"विषय कुठला टाकू?" त्याने विचारलं.

"ऑफ तास टाका."

"यादीत नाहीये तो."

"मग यादीत घाला."

"यादी वरून येते, बाई. वरच्या लोकांचं काम आहे. आपल्या हातात काही नाही."

"आणि विषय न टाकता?"

"पुढे सरकतच नाही."

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्या गेल्याच नाहीत. घरी सासूबाईंनी मात्र विषय सोडला नाही. सासूबाई स्वतः विणकामाचे फोटो टाकत आणि त्यांच्या टोपऱ्यांना परदेशातूनसुद्धा बदाम येत. "तुझं खातंच नाही?" त्या म्हणाल्या. "मग तू तिथे दिवसभर करतेस काय?" ऑफबाईंनी हसण्यावारी नेलं, पण ते लागलं त्यांना. चांगलंच लागलं.

मग गणिताच्या सरांचा गुडघा गेला.

गणिताचे सर म्हणजे उंच, वाळका, इस्त्रीचा माणूस. उभ्या हयातीत ते वर्गात हसल्याची नोंद नाही. मुलाने चुकीचं उत्तर दिलं की ते एकच शब्द उच्चारायचे, "चूक," आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. त्यांच्या तासाला टाचणी पडली तर तीसुद्धा दबकून पडायची. कट्ट्यावरही त्यांचं खातं रिकामं होतं. कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी काही सांगितलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, सर आख्ख्या सत्रासाठी रजेवर गेले आणि जाताना किल्ली खिळ्याला लावून गेले. चिठ्ठी आधीपासून होतीच.

ऑफबाईंनी पहिल्या दिवशी सरांचं खातं उघडलं. नियम होता, रोज काहीतरी लिहायचं. त्यांनी लिहिलं, "आज मला त्रिकोणांचा कंटाळा आला आहे. कुणाकुणाला आला आहे?"

सात मिनिटं कुणी हललं नाही. पोरांना वाटलं, हा सापळा आहे. मग एका शूराने लिहिलं, "मला." त्यावर सरांच्या नावाने उत्तर गेलं, "मग तू एकटा नाहीस. चल, त्यांना लवकर उरकू." आणि धरण फुटलं. कुणी विचारलं, "सर, हे मोठेपणी कुठे लागतं?" उत्तर, "मला अजून लागलं नाही. पण येत नाही म्हणून चारचौघांत गप्प बसावं लागतं ते फार लागतं. तेवढ्यासाठी शिकून टाक." कुणी विचारलं, "उत्तर उणे सात माणसं आलं, आता काय करू?" उत्तर, "आमच्या स्टाफरूममध्ये ये, दाखवतो." पोरं लोळून हसली. हसता हसता गणितंही टाकू लागली, कारण गणित टाकल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही. ज्याचं बरोबर आलं असेल त्याने ज्याचं आलं नाही त्याला सांगायचं, असा बाईंचा जुनाच खाक्या. फक्त आता तो सरांच्या फोटोखाली चालला होता आणि फोटोतले सर वाकड्या तोंडाने बघत होते.

बाईंना दिवसभर पुरुषासारखं लिहावं लागे. एकदा घरातून निघताना त्या सासूबाईंना "येतो हं" म्हणाल्या. सासूबाईंनी नवऱ्याला, म्हणजे आपल्या मुलाला, बाजूला घेऊन विचारपूस केली.

तिकडे सर पलंगावर पाय उंच करून पडले होते. त्यांच्या मुलीने त्यांच्या फोनवर कट्टा घालून दिला, करमणूक म्हणून. सरांनी तो उघडला आणि त्यांना दिसलं की ते स्वतः गेले पंधरा दिवस अखंड बडबडत आहेत. त्यांनी शाळेत फोन लावला.

"बाई, काल मी म्हणालो की मला त्रिकोणांचा कंटाळा येतो."

"ते पहिल्याच दिवशी, सर. काल तुम्ही अपूर्णांकांना नावं ठेवलीत."

"मला त्रिकोणांचा कंटाळा येत नाही."

"तुम्हाला नाही हो. मुलांना येतो. तुम्ही त्यांच्या बाजूने बोललात."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "तिसऱ्या गणितात मी जे उत्तर दिलं आहे ते चूक आहे," आणि त्यांनी फोन ठेवला.

आता आली का पंचाईत! उत्तर बाईंनी कुठल्याशा हुशार पोराचं बघून टाकलं होतं आणि पोरगं हुशार नव्हतं. दुसरा कुणी असता तर गुपचूप पुसून मोकळा झाला असता. बाईंनी लिहिलं, "काल तिसऱ्या गणितात मी चुकलो. कुठे चुकलो ते शोधा. सापडेल त्याने उद्या पाच मिनिटं माझ्या खुर्चीत बसावं."

गणिताचे सर चुकले! आणि स्वतःच्या तोंडाने तसं म्हणाले! बातमी चारी वर्गांत पसरली, आईबापांपर्यंत गेली. ज्या पोरांनी आयुष्यात सरांकडे वर तोंड करून बघितलं नव्हतं ती त्या संध्याकाळी वह्या काढून सरांची चूक शोधत बसली. एका दिवसात जितका बीजगणिताचा सराव झाला तितका मागच्या दोन वर्षांत झाला नसेल. कट्ट्यावर बदामांचा पाऊस पडला.

त्यानंतर सर रोज दुपारी फोन करू लागले. आधी चुका दाखवायला. मग कधीकधी चूक नसली तरी. एकदा म्हणाले, "आज काय विचारलं पोरांनी?" बाईंनी वाचून दाखवलं. सर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, इतकी वर्षं शिकवलं. मला कधी कुणी प्रश्न विचारला नाही. मला वाटायचं, सगळ्यांना समजतंय." बाईंच्या जिभेवर एक चांगलं खोचक उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. या माणसाबद्दल आपल्याला वाईट वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या स्वतःवरच चिडल्या.

सत्र संपत आलं तशा दोन बातम्या एकाच दिवशी आल्या. पहिली, कंपनीने गणिताच्या सरांना वर्षाचे लाडके डिजिटल शिक्षक ठरवलं होतं. दुसरी मोठ्या बाईंनी खोलीत बोलावून सांगितली, दार लावून आणि चहा मागवून. चहा मागवला तिथेच ऑफबाईंनी काय ते ओळखलं, कारण या खोलीत त्यांना कधी पाणीसुद्धा विचारलं गेलं नव्हतं.

"समितीने ठरवलंय," मोठ्या बाई म्हणाल्या, "की यंदापासून करार कट्ट्याच्या आकड्यावर. तुमचा आकडा शून्य आहे."

"माझं खातंच नाही तर आकडा येईल कुठून?"

"तेच ते. मला माहीत आहे हो तुम्ही किती करता. पण समितीला मी दाखवू काय?"

"सरांचं खातं दाखवा. त्यातलं सगळं मी लिहिलंय."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या नावाने लिहिलंत हे कळलं तर तुम्हाला आजच घरी जावं लागेल. आणि सरांवर कारवाई होईल ती वेगळी."

म्हणजे काय, तर गप्प बसलं तर शून्य म्हणून घरी, आणि तोंड उघडलं तर लबाड म्हणून घरी. ऑफबाई स्टाफरूममध्ये आल्या. तिथे बातमी आधीच पोचली होती. सगळे फार हळहळले. इतिहासाच्या बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, डोळे टिपले आणि म्हणाल्या, "फक्त चिठ्ठ्यांचं काही बोलू नका हं, आम्ही सगळेच लटकू." खेळाचे सर म्हणाले, "तुमच्यासारखी बाई होणे नाही," जणू बाई आधीच वारल्या होत्या. ज्यांच्या दाढा, कंबरा आणि पाहुणे या बाईने वर्षानुवर्षं अंगावर घेतले, त्यातल्या एकालाही ब्र काढायचा नव्हता. मूग गिळावेत तरी किती!

सभा आठवड्याने भरली, सकाळी, वाचनालयात. समितीचे अध्यक्ष आले. त्यांचं फरश्यांचं दुकान होतं आणि त्यांना दुकान उघडायला जायचं होतं. कंपनीची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. संगणकवाला तारा घेऊन आला. गणिताचे सर पहिल्यांदाच काठी टेकत आले आणि पुढच्या खुर्चीत पाय लांब करून बसले. बाकी झाडून सगळे शिक्षक हजर, कारण फोटो निघणार होता. वर्गांवर कुणीच नव्हतं. दहा मिनिटांचं तर काम, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

आधी करारांची यादी वाचली गेली. ऑफबाईंचं नाव त्यात नव्हतं. अध्यक्षांनी सही करायला पेन उघडलं, तोच वरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन पडलं. मग दुसरीकडून आरोळी. मग पन्नास पोरांनी एका तालात बाक बडवायला सुरुवात केली.

मोठ्या बाईंनी मानही न वळवता म्हटलं, "ऑफबाई, जरा वर्ग बघता का?"

अनेक वर्षांची सवय. ऑफबाई उठल्यासुद्धा. दारापर्यंत गेल्या, आणि तिथे त्यांच्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक, त्या मागे फिरल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी हाताची घडी घातली.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. शून्य वर्गावर कसा जाईल? ज्यांचे आकडे आहेत त्यांनी जावं."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आकडेवाले खूप होते. उठेना मात्र कुणी. शेवटी मोठ्या बाई स्वतः तरातरा वर गेल्या. बाक थांबले. त्या खाली आल्या. बाक पुन्हा सुरू झाले, आता तोंडी वाद्यांसह. खेळाचे सर शिट्टी घेऊन गेले आणि शिट्टीशिवाय परत आले.

कंपनीच्या मुलीला वाटलं, वातावरण हलकं करावं. तिने आवाज चढवून मानपत्र वाचायला घेतलं. "आमच्या लाडक्या शिक्षकांची काही उत्तरं ऐकूया! येत नाही म्हणून चारचौघांत गप्प बसावं लागतं..."

"थांबा," गणिताचे सर म्हणाले. काठी टेकून ते उभे राहिले. "हे मी लिहिलेलं नाही."

"सर किती साधे आहेत!" मुलगी म्हणाली.

"मी साधा नाही. मी गुडघ्याला पट्टी बांधून घरी पडलो होतो. यातलं एकही वाक्य माझं नाही, मला असं बोलता येत नाही. हे सगळं या बाईंनी लिहिलंय. मी आयुष्यभर नक्कल करणाऱ्यांना शून्य दिलं. हे मी घेतलं तर मी कोण?"

मुलीने मानपत्र खाली केलं. "म्हणजे तुम्ही पासवर्ड दिलात?"

"दिला नाही. खिळ्याला लावला."

"कुठल्या खिळ्याला?"

सर खरोखर फार साधे होते. त्यांनी स्टाफरूममधून खिळ्यावरचा सगळा झुबका आणवला आणि टेबलावर ठेवला. किल्ल्यांपेक्षा चिठ्ठ्या जास्त होत्या, एकीवर तर मोठ्या बाईंचं अक्षर होतं. सगळा शिक्षकवर्ग अचानक पुस्तकांच्या कपाटांकडे मोठ्या जिज्ञासेने पाहू लागला.

मुलीने नियम वाचून दाखवला. या नियमाने शाळेत एकही खातं उरत नव्हतं. वर आता काचही फुटली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, छताकडे पाहिलं, मग ऑफबाईंकडे.

"एरवी हे कोण शांत करतं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांचे डोळे एकाच खुर्चीकडे गेले.

"आणि त्यांनाच काढायला मी दुकान बंद ठेवून आलोय?" अध्यक्ष भडकले. "बाई, करार घ्या आणि वर जा हो, पाया पडतो."

"आधी खातं," ऑफबाई म्हणाल्या. "माझं. आत्ता."

सगळे संगणकवाल्याकडे वळले. त्याने सवयीने नाही म्हणायला तोंड उघडलं, अध्यक्षांचा चेहरा पाहिला आणि लॅपटॉप ओढला. विषयांच्या यादीत 'ऑफ तास' घालायला त्याला एका शिंकेइतका वेळ लागला. वरची माणसं नाहीत, परवानगी नाही, काही नाही. ऑफबाईंनी ते उभं राहून पाहिलं. वर्षभर ज्यासाठी त्यांना शून्य म्हणून जगावं लागलं ते इतकंसं होतं. त्या त्याला काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. कंपनीच्या मुलीने त्यातले दोन शब्द पहिल्यांदाच ऐकले होते.

मग त्या वर गेल्या. वर्गाच्या दारात उभ्या राहून त्यांनी एवढंच विचारलं की शिट्टी कुणाकडे आहे, आणि शाळा शांत झाली.

खाती बंद करायचा नियम कंपनीने सोयीने एकालाच लावला, सरांना. बाकीच्यांना समज दिली. सरांचं खातं गेलं आणि त्याच्याबरोबर सत्रभराचे सगळे प्रश्न, सगळी उत्तरं, ती गाजलेली चूक, सगळं पुसलं गेलं. बक्षीस त्या वर्षी कुणालाच मिळालं नाही. संध्याकाळी सरांना नवं कोरं खातं मिळालं. तोच वाकडा फोटो, खाली भलं मोठं शून्य. सर स्टाफरूममध्ये स्टुलावर पाय ठेवून ते शून्य बघत बसले होते. पोरांना आता खरं कळलं होतं आणि खऱ्या सरांच्या वाटेला जायला कुणी धजत नव्हतं.

ऑफबाईंनी दारातून ते पाहिलं. त्यांचं काम झालं होतं, पिशवी खांद्याला होती. त्या व्हरांड्यातच थांबल्या, फोन काढला आणि स्वतःच्या खात्यावरून पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, सरांच्या रिकाम्या भिंतीवर, सगळ्या शाळेला दिसेल असं.

"सर, उणे गुणिले उणे केलं की अधिक का होतं? शाळेत असताना विचारायची छाती झाली नाही. घोकून पास झाले. आता विचारते."

आत सरांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा चढवला. एका बोटाने काहीतरी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. बराच वेळ असं चाललं. मग उत्तर आलं, "मला हे पाठ आहे. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही कधी. उद्या तिसऱ्या तासाला वर्गात या. फळ्यावर करून बघू."

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. सभेनंतर आठवडाभर तरी आजारी पडायची कुणाची हिंमत नव्हती. तिसऱ्या तासाला ऑफबाई मागच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये दाटीवाटीने बसल्या. सरांनी फळ्यावर आकड्यांची एक रेघ आखली, तिच्यावर डावीकडे उजवीकडे उड्या मारून दाखवल्या, गुडघा विसरून थोडे स्वतःही वळले. मग खडू खाली ठेवून ते वर्गाकडे तोंड करून उभे राहिले.

"समजलं?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच ते उत्तराची वाट बघत थांबले.

चाळीस पोरं टकामका बघत राहिली.

"मला नाही समजलं, सर," मागून ऑफबाई म्हणाल्या.

लगेच त्यांच्या शेजारच्या पोराने हात वर केला. मग पुढच्या बाकावरच्या मुलीने. मग खिडकीकडच्या आख्ख्या रांगेने. सरांनी ते सगळे हात नीट पाहून घेतले, डस्टर उचललं, फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून रेघ आखायला घेतली.